दुमडलेली करंगळी

राजेश्रीच्या लॅपटॉपवर मी टाईप करायला बसले आणि पहिल्याच ओळीत तोंडघशी पडले.

पस्तीस वर्षं मी परभणीत टायपिंग शिकवते. नानलपेठेतल्या आमच्या क्लासमध्ये आधी खडखडाट करणारी यंत्रं होती, आता मुके कॉम्प्युटर आहेत, पण बोटं ठेवायच्या जागा त्याच आहेत. झोपेतून उठवून बसवलं तरी मराठीचा परिच्छेद न चुकता उतरवीन, असा माझा तोरा. त्या तोऱ्यातच "सरक, मी दाखवते" म्हणून मी तिला खुर्चीवरून उठवलं. डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबली, उजव्या हातानं अक्षर दाबलं. अक्षर उमटलंच नाही. पडद्यावर वर मेनू जागा झाला आणि त्यावर चिमुकल्या चौकटी फुटल्या. पुढचं अक्षर दाबलं तर सगळं पान आडवं झालं.

"मॅडम, तसं न्हाई," राजेश्री हळूच म्हणाली. "वरचं अक्षर पाहिजे असलं की टिकली दाबायची. डाव्या अंगठ्यानं."

"टिकली?"

तिनं बोटानं दाखवली. स्पेसबारच्या डाव्या हाताला ऑल्टचं बटण असतं, त्याच्यावर एक मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. खालचं नाव झाकून गेलं होतं. मला वाटलं होतं, घरातल्या पोरीनं खेळताना लावली असेल.

"माझ्याच टिकल्यांच्या पाकिटातली हाय," ती म्हणाली. "ह्यांनी लावली हुती. न बघता अंगठ्याला लागावी म्हणून."

मराठी टायपिंग ज्यांनी केलं नाही त्यांना एवढंच सांगते, की आमची निम्मी अक्षरं वरच्या मजल्यावर राहतात. शिफ्ट दाबून धरल्याशिवाय ती खाली उतरत नाहीत. उजव्या हाताचं अक्षर उतरवायचं तर डाव्या करंगळीनं डावी शिफ्ट धरायची, डाव्या हाताचं असेल तर उजव्या करंगळीनं उजवी. हा नियम मी इतक्या पोरापोरींच्या हातात बसवला आहे, की परभणीच्या निम्म्या कचेऱ्यांत माझ्या करंगळ्या काम करतात असं आमच्या घरी थट्टेनं म्हणतात.

आणि ही बाई म्हणते, अंगठ्यानं दाबा.

राजेश्री झरीची. तिचा नवरा आदिनाथ तिथल्या शाळेत क्लार्क होता. किडनीच्या आजारात तो गेला आणि त्याच्या जागेवर अनुकंपा म्हणून हिला घेतलं. पण क्लार्कच्या नोकरीला टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते ठरलेल्या मुदतीत दाखवावं लागतं. मागच्या परीक्षेत ती साफ नापास झाली होती. आता एकच परीक्षा मुदतीच्या आत येत होती. ती हुकली की नोकरी गेली, आणि घरात म्हातारी सासू, शाळेत जाणारी मुलगी आणि पाऊस झाला तर पिकणारं थोडंसं रान. हे तिनं मला रडून सांगितलं नव्हतं. प्रवेश घेताना माहिती विचारली तेव्हा सांगितलं, तेवढंच.

शाळा असल्यामुळे ती फक्त रविवारी एसटीनं यायची. क्लासच्या कॉम्प्युटरवर तिचा हात चालायचा तो चिखलातून चालल्यासारखा. आमच्याकडे हातांवर लाकडी झाकण असतं, शिकणाऱ्यानं खाली बघू नये म्हणून. त्यामुळे झाकणाखाली तिची बोटं काय करतात ते मलाही दिसत नव्हतं. मी आपली दर रविवारी एकच गोष्ट सांगायची, "घरी सराव कर." ती म्हणायची, "घरी तर लय भरभर येतं, मॅडम." असं सगळेच म्हणतात. शेवटी त्याच्या आधीच्या रविवारी मी वैतागून म्हणाले होते, "मग तो घरचा लॅपटॉपच घेऊन ये. बघू दे मला."

तर ती घेऊन आली. कापडी पिशवीत, टॉवेलमध्ये गुंडाळून. बसली आणि माझ्यासमोर टाईप करायला लागली. परीक्षेला लागतो त्याहून चांगला वेग, चुका नावालाच. समोर कागदसुद्धा नव्हता. 'मा. मुख्याध्यापक यांच्या सेवेशी, विषय : वैद्यकीय रजा मंजूर होणेबाबत' असा अख्खा अर्ज तिनं एका दमात उतरवला.

एकच गोष्ट मला खटकली. तिची डावी करंगळी तळहाताकडे घट्ट दुमडलेली होती, मूठ वळताना दुमडते तशी. मी सवयीनं टेबलावर पट्टी आपटली.

"करंगळी उघड! अशी का धरायलीस?"

"तशीच राहती ती," राजेश्री म्हणाली आणि ओशाळली.

म्हणून मी तिला उठवून स्वतः बसले होते, आणि तोंडघशी पडले होते.

हार मानायचा माझा स्वभाव नाही. आधी मी लॅपटॉप पालथा करून थोपटला. थोडी धूळ आणि ज्वारीच्या भाकरीचा चुरा पडला, पण शिफ्ट काही सुधारली नाही. मग मला आमच्या पोरांची एक खोड आठवली. कंटाळलेलं पोरगं शिफ्ट टकटक दाबत बसलं की कॉम्प्युटर ओरडतो आणि एक पाटी पुढे करतो, की बाबा, तुला ही सोय चालू करायची आहे का. दिवसभर तो आवाज ऐकून माझे कान किटलेले असतात. मी राजेश्रीच्या लॅपटॉपची डावी शिफ्ट टकटक दाबली. शांत. परत दाबली. शांत. चिडून टिकलीवर अंगठा आपटत राहिले, आणि लॅपटॉप ओरडला. शिफ्टची पाटी समोर आली.

म्हणजे शिफ्ट जिवंत होती. फक्त आपल्या घरी राहत नव्हती.

मी नागेशला हाक मारली. नागेशचं दुरुस्तीचं दुकान आमच्याच बोळात आहे, आणि तो माझ्याच हाताखालून गेलेला आहे. चाळिशी उलटली तरी माझ्यासमोर येताना तोंडातली सुपारी थुंकून येतो.

"बोर्ड गेलंय, मॅडम," त्यानं लॅपटॉपला हात लावायच्या आधीच निकाल दिला. "नवं टाकावं लागतंय."

"आधी बघ तर."

त्यानं दुकानातून वायरीचा एक वेगळा कीबोर्ड आणून जोडला. कोरा करकरीत. "आता बघा, बराबर चालतंय का न्हाई," म्हणून त्यानं ऐटीत डावी शिफ्ट धरून अक्षर दाबलं. पुन्हा मेनू. ऑल्ट धरून दाबलं, तर वरच्या मजल्यावरचं अक्षर मुकाट खाली आलं. नागेशनं कीबोर्ड उलटा करून पाहिला, जणू त्याला फितवलंय कुणी.

"नव्या बोर्डात पण तोच रोग?" मी म्हणाले.

"मंग बोर्डात न्हाई रोग. आत हाय." त्यानं पडद्यावर कीबोर्डाचं चित्र उघडलं. खरी शिफ्ट दाबली की चित्रातली ऑल्ट उजळायची, आणि टिकली दाबली की चित्रातली शिफ्ट. आता नागेशला रस आला. त्यानं खुर्ची ओढली, इकडे तिकडे शोधलं, आणि थोड्या वेळानं मांडीवर थाप मारली. "सापडलं! रजिस्ट्रीत, म्हंजी मशीनच्या आतल्या नोंदवहीत, कुणीतरी एक ओळ घालून ठेवलीय. डावी शिफ्ट आली की ऑल्ट समजायची, ऑल्ट आली की शिफ्ट समजायची. बिघाड न्हाई मॅडम हा, मुद्दाम केलेलं काम हाय. अन् सफाईनं केलंय."

"कुणी?" मी राजेश्रीकडे बघितलं.

ती उभीच होती. "दुसरं कोण हात लावणार? ह्यांनीच केलं आसंल," ती म्हणाली. "पण मला कधी बोलले न्हाईत."

"पण कशाला? धडधाकट शिफ्ट असताना..." आणि बोलता बोलता मला तिची दुमडलेली करंगळी आठवली. "राजेश्री, आदिनाथच्या डाव्या हाताला काही झालं होतं का?"

"करंगळी नव्हती ना," ती अगदी सहज म्हणाली. "आठवीत असताना कडबाकुट्टीत गेली. मुळापासून."

नागेशनं माउस सोडला.

सगळं लख्ख दिसलं मला. करंगळी नाही, तर डावी शिफ्ट धरणार कशानं? टायपिंगमध्ये स्पेसबार उजव्या अंगठ्यानं दाबतात, डावा अंगठा नुसता लोंबकळत असतो. इतकी वर्षं शिकवते, त्या डाव्या अंगठ्याला काही काम देता येईल असं माझ्या कधी डोक्यात आलं नाही. आदिनाथनं त्याला कामाला लावलं होतं. बायकोच्या पाकिटातली टिकली लावून जागा पक्की केली होती.

"टायपिंगच्या परीक्षेत लय हाल झाले हुते त्यांचे," राजेश्री सांगत होती. "एकाच बाजूच्या शिफ्टवर सगळं वढलं म्हणायचे. तिसऱ्या टायमाला सुटले. मंग लॅपटॉप आला, त्यावर मातर गाडी सुसाट."

"आणि तुला त्यांनी शिकवलं?"

"आजारपणात. एक दिवसाआड डायलिसिस असायचं. मधल्या दिवशी बाजंवर उशाला टेकून बसायचे अन् म्हणायचे, बस, शिकून ठेव, तेवढाच येळ जातो. कशाला शिकायचं ते त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई." ती जरा थांबली. "दोघांलाबी म्हाईत हुतं."

शिकवायला पुस्तक नव्हतं. तो तोंडी सांगायचा आणि ही टाईप करायची, आणि शाळेच्या क्लार्कला तोंडी काय येणार, तर अर्ज. तिनं आयुष्यात पहिल्यांदा जे टाईप केलं ते आदिनाथच्याच रजेचा अर्ज होता. मग रजा वाढवल्याचा. मग आणखी वाढवल्याचा. आधी तो स्वतः टाईप करून दाखवायचा, ती त्याच्या हाताकडे बघायची आणि तसाच हात धरायची. त्याच्या हाताला करंगळी नव्हती, म्हणून हिनं आपली दुमडून घेतली. तसं धरायला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेचं कामही ह्याच लॅपटॉपवर करायच्या दहा वर्षांच्या सवयीत आपली बटणं जगावेगळी आहेत हे आदिनाथ विसरून गेला होता, आणि प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेत हिला कॉम्प्युटर दिलेला नव्हता, त्यामुळे हिला जग माहीतच नव्हतं.

"मग परीक्षेत काय झालं?"

"काय हुणार! पेपर सुरू झाला, मी अंगठा दाबला, अन् वर कायबाय उघडायला लागलं. जितकं दाबावं तितकं उघडायचं. माझे तर हातच गार पडले."

"आणि क्लासमध्ये? इथे पण तसंच होत असणार. मला का नाही सांगितलंस?"

राजेश्रीनं पदर सारखा केला. "मला वाटलं, तुमच्या मशीनी जुन्या हायत. तोंडावर कसं म्हणायचं?"

एक परीक्षा गेलीच होती, भिडेपायी बाई दुसरीही घालवायला निघाली होती, आणि मी तिला घरी सराव कर, घरी सराव कर म्हणून खड्डा आणखी खोल करत होते.

"सोपं हाय आता," नागेश म्हणाला. "ही वळ पुसायची, मशीन बंद करून चालू करायची. सगळ्या जगासारखी हुती. पुसू?"

त्याचा हात माउसकडे गेला आणि राजेश्रीनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं. आपटलं नाही, हळूच केलं, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं.

"आज नको," ती म्हणाली. "बस जाईल माझी."

बसला अजून बराच वेळ होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. फोन केला तर "पाहुणे आलेत" म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. परीक्षा जवळ येत होती. हाताला लागलेली सवय सोडवायला किती दिवस लागतात ते मला चांगलं ठाऊक आहे, नवं शिकवायला लागतात त्याच्या दुप्पट. मी सोमवारी क्लासला कुलूप घातलं आणि झरीची एसटी धरली. पस्तीस वर्षांत विद्यार्थ्याच्या घरी मी पहिल्यांदाच निघाले होते, त्यामुळे वाटेत मला स्वतःचाच राग येत होता.

घराच्या ओसरीवर तिची सासू कडूबाई सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं तर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मला नीट खालीवर बघून घेतलं.

"टायपिंगच्या बाई व्हय? बसा. ती यील आता शाळंतून. लॅपटाप का काय ते कपाटात ठिवलंय तिनं. हात लावीना झालीय. काय झालं तिथं?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. बटणांची अदलाबदल तिला कितपत कळली कोण जाणे, पण करंगळीचं नाव निघालं आणि ती सगळं समजली.

"लय लपवायचा तो हात," ती म्हणाली. "हिला बघाया गेलो तवा डावा हात खिशात. चहा उजव्या हातानं, पव्हे उजव्या हातानं. म्या म्हनलं, सांगून टाक बाबा. तर न्हाई. अन् निघताना चपलीचा अंगठा तुटला. दोन्ही हात लावावं लागले."

"मग?"

"मंग काय! ही दारातच हुती. बघितलं हिनं. तवाबी काय बोलली न्हाई, आत्ताबी बोलंना."

तेवढ्यात राजेश्री आली. मला बघून दारातच थबकली, मग आत जाऊन पाणी घेऊन आली. मी इकडचं तिकडचं बोलण्यात वेळ घालवला नाही.

"नोकरी सोडायची आहे का तुला?"

"न्हाई."

"मग लॅपटॉप कपाटात का?"

ती खांबाला टेकून उभी राहिली. मग खाली बघूनच बोलायला लागली. "मॅडम, नापास झाले तवा शाळेत सगळ्यांनी इचारलं. मी म्हणलं, तिथलं मशीन खराब हुतं. आता काय सांगू? ह्यांनी चुकीचं शिकवलं म्हणून सांगू? त्यांला धड बसाया येत नव्हतं. हाताला सुया टोचून टोचून निळं पडलं हुतं. त्या हातानं दाखवलं मला त्यांनी, एक एक अक्षर. अन् ती वळ पुसायची म्हणजे त्येच चूक हुतं म्हणायचं."

पण मी मास्तरीण आहे, रडायला गेले नव्हते.

"चूक कुणी म्हटलं?" मी म्हणाले. "ऐक. शिकवणारा माणूस स्वतःच्या हाताचंच शिकवतो. मीही माझ्याच हाताचं शिकवते. आदिनाथच्या हाताला ते बरोबरच होतं, आणि तुला त्यांनी इतकं चोख शिकवलं की तुझी करंगळीसुद्धा त्यांच्यासारखी झाली. असं शिकवणं मला एकाही विद्यार्थ्याच्या बाबतीत जमलं नाही. फक्त आपला हात वेगळा आहे हे ते विसरले. मी डोळ्यावर चष्मा असताना घरभर चष्मा शोधते, त्यातलंच ते."

राजेश्रीनं वर पाहिलं. पण होकार नव्हता तिच्या डोळ्यांत.

कडूबाईनं सूप परत मांडीवर घेतलं होतं. ज्वारी निवडता निवडताच ती म्हणाली, "त्यानं कशापायी शिकीवलं गं तुला?"

"आत्याबाई..."

"कशापायी? नोकरीपायीच ना? मंग नोकरी गेली तर त्याचं शिकीवलेलं मातीत गेलं. तू त्याचं बटन राखाया बसली अन् त्याचं काम राह्यलं की." तिनं एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "माझा ल्योक बटनात न्हाई बसला."

मग राजेश्रीनं मला विचारलं, "मॅडम, पुसलं की ते परत येतंय का कधी?"

मी तिथूनच नागेशला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. "काळजीच करू नका ताई," तो पलीकडून मोठमोठ्यानं सांगत होता, ओसरीभर ऐकू येत होतं. "त्या वळीची बारीक फाईल करून ठेवतो. पेनड्राईव्हवर एक, माझ्या मशीनवर एक. तुमी सांगा, तवा परत घालतो."

राजेश्रीनं फोन परत दिला आणि कपाट उघडायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन परभणीला आली. नागेशनं फाईल ठेवली, ओळ पुसली. मशीन बंद होऊन चालू झाली तेव्हा राजेश्री पडद्याकडे बघत नव्हती, टिकलीकडे बघत होती. मग तिनं नखानं टिकली अलगद सोडवली आणि लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात चिकटवली. खाली ऑल्टचं नाव नवंकोरं होतं.

आणि मग सुरू झाले आमचे हाल. तिनं शाळेतून रजा घेतली, रोजची एसटी धरली. मी हातांवरचं लाकडी झाकण काढून टाकलं. पण अंगठा ऐकेना. जरा वेग आला की तो आपोआप ऑल्टवर जायचा, वर मेनू उघडायचा, आणि राजेश्री दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायची. करंगळी उघडायला सांगितली तर उघडायची, आणि दोन ओळींत परत मिटायची. पट्टी आपटून काही उपयोग नव्हता, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं.

शेवटी मी जुन्या यंत्रांचं कपाट उघडलं. त्यात टाईपरायटरच्या रिबिनी पडून होत्या, शाई वाळून गेलेल्या. एक हातभर तुकडा कापला आणि तिचा डावा अंगठा तळहाताशी बांधून टाकला. आमचे मास्तर हट्टी बोटाला असंच बांधायचे, मला वाटलं नव्हतं माझ्या हातून कधी होईल म्हणून.

"आता बघू कुठे जातो," मी म्हणाले.

ती बांधलेल्या हाताकडे बघत राहिली आणि एकदम हसली. एवढ्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. "ह्यांच्याकडं करंगळी नव्हती म्हणून अंगठा," ती म्हणाली. "माझा अंगठा बांधला म्हणून करंगळी. पाच बोटं काय आमच्या नशिबात न्हाईत."

नागेश दारात उभा राहून बघत होता, तोही हसला. मग तिनं करंगळी लांब केली. आजारातून उठलेल्या माणसाच्या पायासारखी ती चाचपडत निघाली. शिफ्टपर्यंत पोचली आणि अक्षर खाली आलं.

रोज थोडं थोडं जमत गेलं. रिबिनीची उरलीसुरली शाई तिच्या हाताला लागायची आणि ती काळा हात घेऊनच झरीची बस पकडायची. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात मी अंगठा सोडला. तो शहाण्यासारखा हवेत लोंबकळत राहिला. परीक्षेला मी केंद्राच्या फाटकाबाहेर थांबले होते, असं मी कधी कुणासाठी थांबत नाही. ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "काही उघडलं न्हाई, मॅडम."

निकाल लागला त्या रविवारी ती पेढे घेऊन आली. चांगले गुण होते. मुदतीत प्रमाणपत्र शाळेत दाखल होणार होतं. कडूबाईनं माझ्यासाठी पिशवीभर ज्वारी पाठवली होती, निवडलेली, खडा दिसला तर सांगा या निरोपासह. मी पेढा खाल्ला आणि नेहमीसारखं बोलून गेले, "आता इंग्रजीची पण देऊन टाक."

"देते," राजेश्री म्हणाली. मग तिनं कापडी पिशवीतून, टॉवेलमधून लॅपटॉप काढला. "त्याच्या आधी नागेशभाऊंना बोलवता का?"

नागेश आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं पेनड्राईव्ह लावला, ती बारीक फाईल आत घातली, मशीन बंद करून चालू केली. "झालं, ताई. जसं हुतं तसं," म्हणून तो पेढा घेऊन निघूनही गेला, दुकान उघडं होतं त्याचं.

मला राहवलं नाही. "अगं, हात परत बिघडेल तुझा. शाळेत एक आणि घरी एक, असं चालतं होय?"

"शाळेत करंगळीनं करीन की मॅडम. तिथं काम असतंय."

तिनं झाकणाच्या कोपऱ्यातली टिकली काढली. गोंद वाळला होता, म्हणून पर्समधून पाकीट काढून तसलीच दुसरी घेतली आणि ऑल्टवर बसवली, अंगठ्यानं दाबून दाबून. नवं पान उघडलं. समोर कागद नव्हताच, बाजेवरून आदिनाथ सांगायचा ते अर्ज तिला पाठ होते. तिनं टाईप करायला सुरुवात केली आणि मी तिच्या खांद्यावरून वाचत गेले. 'मा. मुख्याध्यापक यांच्या सेवेशी. विषय : वैद्यकीय रजा वाढवून मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या शाळेत कनिष्ठ लिपिक या पदावर कार्यरत असून...'

क्लासमध्ये तिच्या बटणांचा तेवढा बारीक आवाज होता. माझी पट्टी हाताशीच पडलेली होती. मी ती उचलली नाही. अंगठा टिकलीवर जात होता, येत होता, आणि डावी करंगळी तिनं आत दुमडून घेतली होती, मुळापासून नसल्यासारखी.